सुपातला निराळा दाणा

(बोईसर-तारापूर भागातील एका गावी, प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



तुम्ही सगळे दिवसभर राबून आला आहात. कोणी शेतावरून, कोणी कारखान्यातून, कोणी मासळी विकून. म्हणून मी फार लांबण लावणार नाही. आज बोलायचे आहे ते खाण्यापिण्याविषयी. खाण्याबद्दल आपल्या कानांवर रोज काहीतरी पडते. हे खाऊ नका, बाधते. ते खा, ताकद येते. यातले खरे किती आणि पोकळ किती, हे कसे ओळखावे? एवढेच आज पाहू.

सुरुवात एका गोष्टीने करतो.

काही वर्षांपूर्वी सकाळी शेजारी गेलो होतो. ओटीवर चार-पाच बायका रेशनचा तांदूळ निवडीत बसल्या होत्या. सुपातले काही दाणे त्या वेचून बाहेर फेकीत होत्या आणि कोंबड्या ते टिपीत होत्या. मला पाहून शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, हा दाणा बघा. हा काय तांदूळ नाय. प्लास्टिक हाय. पोराने मोबाईलवर दाखवलं."

मी चष्मा लावून पाहिले. दाणा खरोखरच निराळा होता. रंग वेगळा, आकार थोडा वेगळा. पाण्यात टाकला तर वर तरंगला. खरे सांगतो, मलाही क्षणभर शंका आली.

मग मी म्हणालो, "वहिनी, दोन पातेली चुलीवर ठेवा." एका पातेल्यात आम्ही ते वेचलेले दाणे टाकले. दुसऱ्यात पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिकचे टोपण टाकले. दोन्ही सारखाच वेळ उकळले. मग दाणे बोटांत धरून चुरडले, तर भाताच्या शिताप्रमाणे मऊ लगदा झाला. टोपण मात्र होते तसेच राहिले. वहिनी हसल्या. म्हणाल्या, "म्हंजे आम्ही भातच फेकत होतो!"

तो दाणा काय होता, ते सांगतो. २०२१ सालानंतर सरकारने रेशनच्या आणि शाळेच्या तांदळात असे दाणे मिसळायला सुरुवात केली. तांदळाचेच पीठ घेतात. त्यात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ हे जीवनसत्त्व मिसळतात. यंत्रातून त्याचे तांदळासारखे दाणे पाडतात. शंभर दाण्यांत असा एक दाणा मिसळतात. याला गुणसंवर्धित तांदूळ म्हणतात. रक्त कमी असलेल्यांना उपयोग व्हावा, हा त्यामागचा हेतू.

आता चूक कोणाची? बायकांची म्हणावी, तर त्यांनी नीट पाहिले होते. दाणा निराळा आहे हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण निराळा का, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती रिकामी जागा मोबाईलने भरून काढली. जिथे खरी माहिती पोहोचत नाही, तिथे अफवा आधी पोहोचते.

आणि तो दाणा प्लास्टिकचा नाही, म्हणून तो अमृत आहे, असेही मी सांगणार नाही. अशा तांदळाने अशक्तपणा किती कमी होतो, यावर जाणकारांत वाद आहे. डाळ, पालेभाजी, मासळी यांची जागा तो घेऊ शकत नाही. एक खोटी गोष्ट टाकून दुसरी फुगवलेली गोष्ट घेणे, हे काही शहाणपण नव्हे.

मंडळी, आपण भात पिकवणारे लोक. धान्य आपण सुपात घेऊन पाखडतो. फोल उडून जाते आणि दाणा राहतो. ऐकलेली गोष्टही अशीच पाखडावी. त्यासाठी तीन प्रश्न विचारावे.

पहिला प्रश्न: सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिले आहे, की नुसते ऐकले आहे?

दुसरा प्रश्न: ज्यांनी तसे केले नाही, त्यांचे काय झाले?

तिसरा प्रश्न: हे सांगण्यात कोणाचा माल खपतो आहे काय?

आता एकेक गोष्ट सुपात घेऊ.

आपल्या किनाऱ्यावर सांगतात, मासे खाल्ल्यावर दूध घेतले तर अंगावर कोड येते. दुसरा प्रश्न विचारा. जे मासे खातच नाहीत, त्यांना कोड येत नाही का? येते. जन्मात मासळीला हात न लावलेल्या घरांतही कोड दिसते. बंगालकडे दह्यात मासे शिजवतात, तिथे हे पंगतीचे पक्वान्न आहे. मग कोड कशाने येते? कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात. शरीराचीच रोगाशी लढणारी शक्ती चुकून त्या पेशींवर उलटते. म्हणून तेथला रंग जातो. त्यात माशाचा दोष नाही आणि दुधाचाही नाही. कोड असलेल्या माणसाचाही नाही. ते शिवल्याने लागत नाही.

दुसरी गोष्ट. गरोदर बाईला सांगतात, "कमी खा. पोर मोठं झालं तर बाळंतपण जड जाईल." सांगणारी सासू वाईट नसते. तिला सुनेची काळजीच असते. पण आईने कमी खाल्ले तर बाळ अशक्त जन्मते. जन्मतः अडीच किलोपेक्षा वजन कमी असले, तर त्या बाळाला आजार लवकर गाठतो. आईचे रक्तही कमी पडते आणि बाळंतपणात तिच्याच जिवाला धोका होतो. म्हणजे जे टाळण्यासाठी उपाशी ठेवले, तेच पदरात पडते.

तिसरी गोष्ट. "लोहाच्या गोळीने मूल काळं होतं." गोळीने शौचाला काळे होते, हे खरे. ते पाहूनच ही समजूत पसरली असावी. पण मुलाचा रंग आईबापांकडून येतो, गोळीतून येत नाही. गरोदरपणी गोळी चुकवू नये. घरात कोणाला सिकलसेलचा आजार असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना तसे सांगावे. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. जेवताना लिंबू पिळले तर ते जास्त लागते.

आता चौथी गोष्ट. बाळंतिणीचे पहिले पिवळे दूध, म्हणजे चीक, पुष्कळ घरी पिळून टाकतात. मी विचारतो, गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो ना? वासराला चीक पाजला नाही तर ते धरत नाही, हे गुराख्याचे पोरही सांगेल. मग आपल्याच बाळाचा चीक का फेकावा? त्यात रोगाशी लढण्याची ताकद असते. जन्मल्यापासून तासाभरात बाळाला अंगावर घ्यावे. सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. मध नको, गुटी नको, पाणीही नको.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी जुन्या माणसांच्या मागेच लागले. तसे नाही. जुन्या गोष्टी पाखडल्या तर त्यांत टपोरे दाणेही पुष्कळ निघतात.

पहिल्या पावसात आपल्याकडे शेवळाची भाजी येते. ती शेवळे नुसती शिजवली तर घसा खाजतो. म्हणून आपल्या बाया त्यात काकड घालतात. शेवळात सुईसारखे बारीक खडे असतात, म्हणून घशाला टोचते. काकडाच्या आंबटपणाने ती खाज मरते. कडूकांद तर तसाच खाल्ला तर बाधतो. आपले आदिवासी बांधव त्याच्या चकत्या करतात, राख घालून उकडतात, वाहत्या पाण्यात ठेवतात आणि मगच खातात. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात वाचून आलेले नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी करून पाहिले, चुकले, सुधारले. करून पाहणे आणि चुकले तर सुधारणे, यालाच शास्त्र म्हणतात.

नाचणीची भाकरी, आंबील, शेवग्याचा पाला, सुकट, जवळा, चवळी-वालाची उसळ, भाताची पेज. हे आपले जुने खाणे पाखडून पाहिले तर सकस निघते. मुठभर सुका जवळा लहान असतो, पण तो सालासकट खाल्ला जातो. म्हणून हाडांना लागणारा चुना त्यातून मिळतो.

आता तांदळाची एक गोष्ट ऐका. सव्वाशे वर्षांपूर्वी जावा बेटावर बेरीबेरी नावाचा रोग फार होता. माणसांच्या पायांतली शक्ती जाई, हृदय थकून ते मरत. एक्मान नावाचे एक डच डॉक्टर तेथे तपास करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांना एकदा असाच रोग झाला. पुढे कोंबड्या आपोआप बऱ्याही झाल्या. डॉक्टरांनी चौकशी केली. मधल्या काळात कोंबड्यांना इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पांढराशुभ्र, सडलेल्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला. तो म्हणाला, कोंबड्यांना हा चांगला भात कशाला? त्याने तो बंद केला. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकट तांदूळ खाऊ लागल्या आणि बऱ्या झाल्या.

एक्मान यांना आधी वाटले, पांढऱ्या तांदळात काही विष आहे आणि कोंड्यात त्यावरचा उतारा आहे. ते चुकले होते. त्यांच्याच जागी आलेल्या दुसऱ्या डॉक्टरांनी १९०१ साली दाखवून दिले की विष वगैरे काही नाही. कोंड्यात एक जरुरीचा अंश असतो, तो सडताना निघून जातो, म्हणून रोग होतो. पुढे त्यालाच ब-१ जीवनसत्त्व म्हणू लागले. १९२९ साली एक्मान यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीतून दोन बोध घ्या. एक म्हणजे, आपला हातसडीचा तांदूळ दिसायला मळकट असला तरी गुणाने पांढऱ्याहून सरस असतो. आणि दुसरा, मोठा शास्त्रज्ञही चुकतो. पण शास्त्रात चूक झाकून ठेवत नाहीत. दुसरा कोणी तपासून ती दुरुस्त करतो. अफवेला कोणी दुरुस्त करीत नाही. ती आहे तशीच पुढे जाते.

एवढ्या लांब जायचे कारण नाही. आपल्या मुंबईतली गोष्ट सांगतो. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. तेव्हा मुंबईत गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांचे रक्त फार कमी होत असे आणि पुष्कळजणी बाळंतपणात दगावत. बाईंनी त्या काय खातात ते पाहिले. तसलेच खाणे प्राण्यांना देऊन पाहिले. शेवटी आढळले की पाव फुगवणाऱ्या आंबवणाचा अर्क दिला की या बायका सुधारतात. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी अंश कोणता, हे तेव्हा कळले नव्हते. १९४१ साली तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. पानातून मिळाला म्हणून त्याला फॉलिक ॲसिड नाव पडले, कारण लॅटिन भाषेत पानाला 'फोलियम' म्हणतात. आज गरोदर बाईला जी गोळी मिळते, तिच्यात लोहाबरोबर तेच असते. आणि वहिनींनी कोंबड्यांना फेकलेल्या त्या दाण्यातही तेच होते. मुंबईच्या गिरणीत राबलेल्या बायांच्या दुखण्यातून मिळालेले ज्ञान फिरून आपल्या सुपात आले होते.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कोणाचा माल खपतो? आठवडे बाजारात पाहा. लहान मुलाच्या हातात बिस्किटाचा पुडा, वेफरची पिशवी, रंगीत पाण्याची बाटली. आई म्हणते, "गुरुजी, पोरगं भाकर खात नाय, बिस्कीट खातं. त्यात दूध असतंय." पुड्यावर दुधाचे चित्र असते हे खरे. पण पुडा उलटा करा आणि मागची बारीक अक्षरे वाचा. मैदा, साखर, तेल ही नावे पहिल्यांदा दिसतील. जे सर्वांत जास्त, ते यादीत आधी लिहायचा नियम आहे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. पुढचे चित्र न शिकलेल्यासाठी असते, मागची अक्षरे तुमच्यासाठी आहेत. त्याच पैशांत दोन केळी येतात, एखादे अंडे येते, शेंगदाण्याचा लाडू होतो.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ही मी फारशी कोणाला सांगत नाही.

१९६८ सालचा पावसाळा होता. मी नऊ वर्षांचा होतो. माझा धाकटा भाऊ दीड वर्षाचा. त्याला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे खोल गेले, ओठ सुकले. तो माझ्या हातातल्या तांब्याकडे पाहून हात पुढे करी. मी तांब्या घेऊन उभा होतो. आजी म्हणाली, "पाणी नको देऊस. पाणी दिलं की जुलाब वाढतील." आईनेही अंगावर घेतले नाही. सगळ्यांना तेच ठाऊक होते. मी तांब्या खाली ठेवला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो गेला.

आजीने जीव ओतून त्याला जपले होते. मी तिला दोष देत नाही. तिने जे ऐकले, तेच केले. पण तिला पहिला प्रश्न विचारणारे घरात कोणी नव्हते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७१ साली, बंगालमध्ये बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेथे डॉ. दिलीप महालनबीस होते. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले, हे पाजत राहा. पूर्वी शंभरातले तीसच्या आसपास रोगी दगावत. ते प्रमाण शंभरात चारांच्याही खाली आले. ज्या पाण्याला माणसे भीत होती, त्याच पाण्याने माणसे वाचली. जुलाबाने माणूस मरतो तो अंगातले पाणी आणि क्षार गेल्यामुळे. जाते ते भरून द्यायला हवे.

म्हणून हे पाठ करा. एक लिटर उकळून गार केलेले पाणी. त्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त नको. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. आशाताईंकडे ओआरएसची पुडी मिळते, ती असेल तर उत्तमच. थोडे थोडे सारखे पाजावे. अंगावरचे दूध आणि पातळ खाणे चालूच ठेवावे. मूल मलूल पडले, पाणीही घेईना किंवा शौचातून रक्त जाऊ लागले, तर उशीर न करता दवाखाना गाठावा.

मंडळी, अजून एक गोष्ट सांगायला हवी. १९९२ साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजाराने गेली. तेव्हा आपला भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा २०१४ साली झाला. ती मुले काही आईबापांच्या खुळ्या समजुतींमुळे गेली नाहीत. हाताला काम नव्हते, घरात धान्य नव्हते, दवाखाना दूर होता. म्हणून कोणी तुम्हांला म्हणाले की, "तुमची पोरं अडाणीपणाने मरतात," तर ते म्हणणेही सुपात घ्या. त्यातही फोल निघेल. ऐकलेले पाखडल्याने कणगी भरत नाही. पण घरात जे थोडे आहे, ते वाया जात नाही. आणि जे आपल्या हक्काचे आहे, ते मागता येते.

अंगणवाडीत मुलाचे वजन दर महिन्याला करून घ्या. ताई दंडाला पट्टी लावतात, ती पाहा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर मूल धोक्यात आहे. ते अंगाने गोरे की काळे, खेळकर की चिडके, यावरून ठरवू नका. २०१५ साली आदिवासी भागासाठी अब्दुल कलाम अमृत आहार योजना निघाली. गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळावे, यासाठी ती आहे. ते जेवण "लोक काय म्हणतील" म्हणून टाळू नका.

आपल्या तारापूरला १९६९ सालापासून अणुशक्तीने वीज तयार होते. तेथे कोणी "मला वाटते" म्हणून यंत्र चालवीत नाही. काटा पाहतात, आकडा वहीत लिहितात, मग कळ फिरवतात. तेथला काटा तो काटा, आणि अंगणवाडीतला वजनकाटा तोही काटाच. आपले मूल काही यंत्रापेक्षा कमी मोलाचे नाही.

आता शेवटचे. या वर्गात तुम्ही लिहायला शिकलात. घरी गेल्यावर वहीत एक ओळ लिहा. खाण्याबद्दल तुम्ही जे ऐकत आलात, त्यातली एक गोष्ट. तिच्यापुढे लिहा: कोणी सांगितले? त्याने पाहिले का? ज्यांनी तसे केले नाही, त्यांचे काय झाले? ज्याचे उत्तर सापडणार नाही, ते आशाताईंना किंवा दवाखान्यात विचारा. पुढल्या आठवड्यात वही घेऊन या. आपण सगळे मिळून पाखडू.

मी नऊ वर्षांचा असताना मला कोणी असा प्रश्न शिकवला असता, तर मी तांब्या खाली ठेवला नसता. तुम्ही तो ठेवू नका.